बारावाली की आठवाली

त्या दोन्ही गाड्या मी चालवल्या नव्हत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण लेखात मी नेमकं उलट लिहिलं होतं, आणि त्या एका वाक्याची लाज अजून माझ्या अंगावरून उतरलेली नाही.

गाड्या इटलीच्या, पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीच्या. दोघांनी ऐसपैस बसायचं, सामान मागे टाकायचं आणि एका दमात लांबचा पल्ला वेगात गाठायचा, अशा प्रवासासाठी बनवलेल्या. तिकडे त्यांना ग्रँड टूरर म्हणतात. एकीचं इंजिन बारा सिलिंडरचं, दुसरीचं आठ, म्हणून आमच्या घरात त्यांची नावं बारावाली आणि आठवाली अशी पडली. कंपन्यांची नावं इथे लिहीत नाही. त्या नावांच्या जिवावर मी आधीच पुरेसा भाव खाऊन घेतला आहे.

मी वर्ध्याला विम्याच्या ऑफिसात आहे. घर हिंगणघाटला, त्यामुळे रोजचं जाणं-येणं. फावल्या वेळात पुण्याच्या एका मासिकात गाड्यांविषयी लिहितो. मालवाहू ऑटो, जुनी जीप, नवा ट्रॅक्टर असले विषय. ती वाहनं मी खरोखर चालवून बघायचो, कारण ती आमच्या घरासमोरच उभी असायची. माझे बाबा मिस्त्री. हमरस्त्याला लागून त्यांचं गॅरेज आहे, चाळीस वर्षांचं. आता पाना ते हातात घेत नाहीत. खुर्ची टाकून बसतात आणि इंजिन चालू केलं की मान कलती करून ऐकतात.

बाबांचा एक नियम होता. आमच्या भागात कोणी जुनी गाडी घ्यायला निघाला की आधी बाबांना विचारायचा, आणि बाबा ती गाडी स्वतः गिरडला नेऊन आणल्याशिवाय तिच्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. गिरडला टेकडीवर दर्गा आहे. रस्त्यात खड्ड्यांचा एक पट्टा लागतो, मग चढ, मग वळण. गाडी वर न्यायची, दर्ग्यात डोकं टेकायचं, खाली यायचं आणि मग घे किंवा नको घेऊ एवढंच सांगायचं. त्या एका शब्दावर माणसं दागिना मोडून व्यवहार करायची.

माझ्या सख्ख्या मामानं एकदा जीप बघितली होती. पावसाळ्याचे दिवस, नाल्याला पूर, गिरडचा रस्ता बंद. विकणारा घाई करत होता. मामा म्हणाला, "भाऊजी, नुसती पाहून सांगा ना, कशी हाये?" बाबा म्हणाले, "मले नाई माहीत." मामानं मग मनानंच जीप घेतली, ती चांगली निघाली, आणि तरी तो वर्षभर आमच्याकडे आला नाही. आई चिडायची. बाबा म्हणायचे, "चांगली निघाली हे मले आता माहीत झालं. तेव्हा नोतं."

अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो.

गावात एक शेठजी आहेत. कापसातली सरकी काढायच्या जिनिंगचा धंदा, दोन पिढ्यांपासून. माणूस हौशी. जुन्या गाड्या जमवतात आणि कापसाच्या एका रिकाम्या गोदामात पांढऱ्या चादरी घालून ठेवतात. त्या गाड्यांची डागडुजी आमच्याकडेच. एके दिवशी सकाळी ते मोबाइल घेऊन गॅरेजवर आले. हैदराबादला एका जुन्या घराण्याच्या वारसांकडे या दोन इटालियन गाड्या होत्या. देणाऱ्यांचं म्हणणं, एकच देऊ, कोणती ते तुम्ही ठरवा. शेठजींनी फोटो मोठे करकरून दाखवले. मी बाजूला चहा पीत उभा होतो.

बाबांनी फोटो बराच वेळ बघितले. मग मोबाइल परत देत म्हणाले, "शेठजी, फोटोले चढावर नेता येत नाई."

"तुम्ही चला ना मिस्त्री माझ्यासोबत."

"माह्ये गुडघे नाई म्हणते. अन् ते लोक गाडी फाटकाबाहेर काढू देईन का?"

देणार नव्हतेच. शेठजी तसेच विचार करत निघून गेले.

त्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला. दिवाळी अंक होता. ट्रॅक्टर वगैरे नको, काहीतरी झगमगीत द्या, म्हणाले. माझ्या डोक्यात बारावाली आणि आठवाली ताजी होती. सहा दिवस मी परदेशी मासिकं चाळली, व्हिडिओ बघितले आणि दोघींची तुलना लिहून काढली. संग्राहकानं कोणती घ्यावी, असा विषय. बारावालीचं इंजिन साय खाल्ल्यासारखं मऊ, मागे दोन लहान सीटा, पण ट्यूनिंगला बसलं की मिस्त्रीचा दिवस गेला. आठवाली जरा राकट, खालच्या गिअरलाही जोर, रूप असं की माणूस वळून बघतो, आणि मागे चक्क लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, म्हणजे पाटे, आपल्या टेम्पोला असतात तसे. परदेशी मासिकांतल्या तीन साहेबांच्या ताटातलं उचलून मी माझं ताट वाढलं होतं. निकाल दिला, आठवाली घ्यावी.

इथवर मला फारशी लाज वाटत नाही. ऐकीव माहितीवर सगळेच लिहितात. पण सातव्या दिवशी लेख पुन्हा वाचला तर तो मलाच कोरडा वाटला, आणि मी सुरुवातीला एक वाक्य घातलं: "दोन्ही गाड्या मी स्वतः चालवल्या, एक सकाळी, एक दुपारी." मग ते वाक्य एकटं बरं दिसेना, म्हणून त्याच्या सोबतीला आणखी एक दिलं: "डावीकडच्या स्टीअरिंगची सवय व्हायला मला अर्धा तास लागला."

खरं एवढंच होतं की आदल्या वर्षी मुंबईला गेलो असताना एका प्रदर्शनात मी आठवालीसारखी एक गाडी बघितली होती. तिच्याभोवती दोरी होती. मी दोरीवरून वाकलो तेव्हा पहारेकऱ्यानं मला मागे व्हायला सांगितलं होतं. लेखात ती दोरी आली नाही.

अंक आला. बाबा माझे सगळे लेख वाचतात, भिंग घेऊन, एकेक ओळ. हा त्यांनी दोनदा वाचला. मी ऑफिसातून आलो तर अंगणात खुर्चीवर बसले होते, अंक मांडीवर.

"तू मुंबईले गेलता तेव्हा चालवल्या का ह्या?"

"हो."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"राहूनच गेलं बाबा." मी बूट काढत होतो, म्हणून खाली बघायला कारण होतं.

त्यांचा चेहरा उजळला होता. माझ्या नोकरीचं, घराचं त्यांना कधी कौतुक नव्हतं. पण ज्या गाड्यांना त्यांचा हात कधी लागला नाही त्या माझ्या हाताखाली चालून गेल्या होत्या, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता. ते विचारत सुटले. क्लच कुठे धरतो, वळणावर स्टीअरिंग जड होतं का, ब्रेक एकीकडे ओढतो का. मी उत्तरं देत गेलो. काही वाचलेली होती, काही त्याच वेळी सुचली.

"आठवालीले मागं पाटे हायेत म्हणून लिहिलं तू. खराब रस्त्यावर मागून उडत असन ना?"

"नाई बाबा. दाबून बसते."

हे मी कुठेच वाचलेलं नव्हतं. उलट एका साहेबानं लिहिलं होतं की ती मागून उडते. ते मी लेखातून वगळलं होतं, कारण माझा निकाल आठवालीच्या बाजूनं होता.

"मंग ठीक हाये," बाबा म्हणाले, आणि भिंग डबीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंक वर्तमानपत्रात गुंडाळला आणि शेठजींच्या जिनिंगवर पायी गेले. संध्याकाळी मला जेवताना सांगितलं, "आठवाली घ्या म्हणलं शेठजीले. मी नाई पाह्यली, पण माह्या पोरानं चालवून पाह्यली. एकच झालं ते."

चाळीस वर्षांत त्यांनी गिरडला न नेलेल्या गाडीबद्दल शब्द दिला नव्हता. मामाचं वर्षभराचं रुसणं सोसलं, पण दिला नव्हता. तो त्यांनी माझ्या दोन ओळींवर देऊन टाकला. तेव्हाच बोललो असतो तर बाबा चिडले असते, शेठजींकडे जाऊन शब्द मागे घेतला असता, आणि एवढ्यावरच भागलं असतं. मी भाकरी मोडली आणि आईला भाजी मागितली.

दोन महिन्यांनी आठवाली ट्रकवर लादून आली. शेठजींनी बाबांचा नियम मोडायचा नाही असं ठरवलेलं. गाडी घेतली तरी पहिली गिरडला जाणार, तीही गुरुवारी. एवढ्या लांब ती चालवत न्यायची जोखीम नको म्हणून ट्रकवरूनच नेली आणि टेकडीच्या पायथ्याशी उतरवली. बाबांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. मी ऑफिसातून सुट्टी काढली होती, कारण नाही म्हणायला निमित्त सापडलं नव्हतं.

गाडी निळी होती. मी तिच्याबद्दल जे लिहिलं ते सगळं तिच्यासमोर फिकं वाटलं. गावातले पंधरा-वीस लोक जमले. कोणीतरी बॉनेटवर हळदीकुंकू लावलं, कोणी नारळ आणला. शेठजी किल्ली हातात घेऊन मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "पहिला मान आपल्या लेखक भाऊंचा. ज्यानं आधी चालवली त्यानंच वर न्यावी."

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी बाबांकडे बघितलं. ते हसत होते.

त्या वेळी मनात काय होतं ते आठवतं. चालवता येईल, असंच वाटत होतं. शेवटी गाडी म्हणजे गाडी. मी तिच्या लांब नाकाला वळसा घातला, उजवीकडचं दार उघडलं आणि आत बसलो.

समोर स्टीअरिंग नव्हतं. लाकडी पट्टी होती आणि कागदपत्रं ठेवायच्या खणाचं झाकण. स्टीअरिंग पलीकडे, रिकाम्या सीटपुढे. ज्या डाव्या स्टीअरिंगची सवय व्हायला मला अर्धा तास लागला होता तेच. पंचवीस वर्षं मी ज्या बाजूला बसत आलो त्याच बाजूला पाय आपोआप गेले होते. किल्ली मुठीत होती. बाहेर ट्रकचा ड्रायव्हर तोंडावर रुमाल धरून दुसरीकडे बघत होता.

काचेतून मला बाबा दिसले. हसू गेलं होतं. ते माझ्याकडे बघत होते, रागानं नाही. बिघाड कुठे आहे ते इंजिनात बघताना त्यांची नजर जशी होते, तशी होती. मग ते शेठजींकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "त्याच्या खांद्याले मार लागला हाये परवा. मीच म्हणलं त्याले, तू बाजूले बसजो, मी चालवतो."

आणि ते चालत डाव्या बाजूला आले, चपला काढून आत बसले आणि किल्लीसाठी हात पुढे केला. मी ती दिली. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं खोटं मी माझ्या कानांनी ऐकलं आणि ते माझ्यासाठी होतं. मला तिथेच दार उघडून पळावंसं वाटलं. पण खांद्याला मार लागलेला माणूस पळत नाही, म्हणून बसून राहिलो.

डाव्या बाजूला बसून गाडी त्यांनीही कधी चालवली नव्हती. दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा उचलली आणि पन्नास पावलांत ती त्यांच्या हाताखाली आली. पुढे खड्ड्यांचा पट्टा लागला. पहिल्याच खड्ड्याला गाडीचा मागचा भाग उडाला, दुसऱ्याला आणखी, आणि आम्ही दोघं सीटवरून उचललो गेलो.

"उडते," बाबा म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

वर जाईपर्यंत एवढंच बोलणं झालं. वर त्यांनी गाडी लावली आणि दर्ग्यात गेले. मी आत गेलो नाही. एरवी ते डोकं टेकून लगेच परत येतात. त्या दिवशी फार वेळ लागला.

खाली आल्यावर त्यांनी शेठजींना सांगितलं, "इंजिन चांगलं हाये. मागून उडते. पाट्यायचं काम करून पाहू." शेठजींनी मान हलवली आणि मला विचारलं, "भाऊ, कोणता खांदा?" मी उजव्या खांद्यावर हात ठेवला. मग सगळ्यांसाठी चहा आला आणि तो मी डाव्या हातानं प्यायलो. बाबांनी माझ्या कपाकडे एकदा बघितलं. त्यानंतर ते आपल्याच कपात बघत राहिले.

घरी आल्यावर शिव्या बसतील असं वाटलं होतं. बसल्या नाहीत. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते, जेवलास का, वर्ध्याची गाडी मिळाली का, एवढं. पुढच्या महिन्याचा अंक आला तो तसाच टेबलावर पडून राहिला. भिंगाची डबी त्याच्या शेजारीच होती.

मी संपादकांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, सोडा हो, कोण विचारायला येतंय. मला त्यांचा राग आला, पण कोणत्या तोंडानं रागवायचं? शेवटी एका रविवारी सकाळी शेठजींच्या गोदामात गेलो. आठवालीवर पांढरी चादर होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गाड्या चालवल्या नव्हत्या, पाट्यांचं उत्तर मनानं दिलं होतं, खांद्याला काही झालं नव्हतं.

शेठजी स्टुलावर बसून ऐकत होते. म्हणाले, "भाऊ, तुम्ही उजवीकडचं दार उघडलं तेव्हाच समजलं मले. चाळीस वर्षांपासून मिस्त्री माझ्याशी बोलतात, पण माझ्याकडे न बघता त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. बाप आहे. मी असतो तर मीही तेच केलं असतं. छोडो आता."

गोदामातून निघालो तेव्हा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला मोकळं वाटत होतं. चूक केली होती, कबूल केली होती, समोरच्यानं माफही केली होती. हे बाबांना सांगायला मी जवळजवळ धावतच गॅरेजवर आलो.

तिथे एक जुनी पिकअप उभी होती. अल्लीपूरचा एक शेतकरी ती घ्यायच्या विचारात होता आणि दाखवायला घेऊन आला होता. तो टायरला लाथ मारून बघत होता. बाबा खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्याजवळ वाकलो आणि हळू आवाजात म्हणालो, "बाबा, शेठजीले सगळं सांगून आलो. मी चालवल्या नोत्या ते."

त्यांनी वर बघितलं. "अन् खांद्याचं?"

"तेही."

"म्हंजे माह्यंही सांगून आला."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी माझं ओझं उतरवायला गेलो होतो आणि जाता जाता बापाला खोटा ठरवून आलो होतो. घाईघाईनं म्हणालो, "त्यायले पह्यलेच समजलं होतं बाबा." बोलून झाल्यावर कळलं की हे तर त्याहून वाईट आहे.

तेवढ्यात तो अल्लीपूरवाला जवळ आला. "चला मिस्त्री, निघू गिरडले. ऊन व्हायच्या आत येऊ."

बाबा खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले. गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. म्हणाले, "दुसऱ्या कोणाले दाखव भाऊ. माह्या शब्दाचं आता काही खरं नाई." आणि आत गेले.

त्याला थट्टा वाटली. तो हसला, मग त्यानं आत डोकावून बघितलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पाने पुसून खुंटीला लावत होते. माणूस गोंधळून माझ्याकडे वळला.

"तुम्ही लिहिता ना गाड्यायबद्दल? मंग तुम्हीच सांगा, कशी हाये ही?"

मी पिकअपकडे बघितलं. टायर नवे होते, रंग ताजा होता, बाहेरून चांगलीच दिसत होती.

"मले नाई माहीत," मी म्हणालो. आत बाबांनी ते ऐकलं की नाही, मला कळलं नाही. पाने लावायचा आवाज तसाच येत राहिला.